कडुनिंबाची निळी सावली

चित्रात सगळं होतं. कडुनिंबाचं झाड होतं, कवेलूंचं (भाजलेल्या मातीच्या कौलांचं) घर होतं, चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत होती, सारवलेलं अंगण होतं, पाण्याचा रांजण होता आणि सरोत्याने (मोठ्या अडकित्त्याने) कैऱ्या फोडत बसलेली एक बाईही होती. तरी ते चित्र बघून कोणालाच बरं वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं ते मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं.

चित्र काढलं होतं कौमुदी वानखडेने. वय वर्षं अकरा, जन्म चंद्रावरचा. कौमुदी म्हणजे चांदणं. आता चांदणं पडतं पृथ्वीवर, चंद्रावर ते कुठून येणार? पण हौसेने ठेवलेल्या नावाला असले प्रश्न विचारायचे नसतात. ती राहायची ती वस्ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ होती. तिथे सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. क्षितिजाला टेकून तो गोल गोल फिरत राहतो आणि साध्या दगडाचीसुद्धा लांबच लांब सावली पडते.

वस्तीच्या जेवणघरात नुकतीच एक नवी पडदाभिंत बसवली होती. पडदाभिंत म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत अख्खी भिंतच पडदा. वस्तीप्रमुख डिमेलोबाईंनी जाहीर केलं होतं, की वस्तीच्या वाढदिवशी या भिंतीवर ‘पृथ्वीवरची दुपार’ झळकेल आणि ते चित्र वस्तीतल्याच कोणीतरी काढायचं. कौमुदीने लगेच हात वर केला. कारण तिला ते चित्र वस्तीसाठी काढायचंच नव्हतं, आजोबांसाठी काढायचं होतं.

तिचे आजोबा डॉ. मनोहर वानखडे प्रकाशशास्त्रज्ञ (प्रकाशाचा अभ्यास करणारे) होते. दुर्बिणीचे आरसे बसवायला म्हणून ते चंद्रावर आले आणि इथलेच झाले. चंद्रावर आपलं वजन पृथ्वीवरच्या सहाव्या भागाइतकंच भरतं. इतकी वर्षं असं हलकं राहून त्यांची हाडं ठिसूळ झाली होती. आता पृथ्वीवर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्ध्याजवळच्या त्यांच्या गावातलं घर आणि दारातलं झाड, दोन्ही रस्ता रुंद करताना गेलं होतं आणि फोटो म्हणाल तर एकही नव्हता. ते अंगण आजोबांना पुन्हा दिसायचं असेल तर ते कौमुदीच्या चित्रं काढायच्या विजेच्या पाटीवरच दिसणार होतं.

त्यांच्या गोष्टी ऐकून ऐकून तिने चित्र पुरं केलं. मोठ्या अपेक्षेने आजोबांसमोर पाटी धरली. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, “छान आहे हं.” मग त्यांना अचानक आरसे पुसायची आठवण झाली आणि ते उठून गेले.

डिमेलोबाई निदान सरळ बोलल्या. “कौमुदी, राग मानू नकोस. मेहनत दिसते. पण हे बघून जेवण जायचं नाही गं. परवा वाढदिवस आहे. तोवर जमलं तर उत्तमच, नाहीतर साठ्यातलं समुद्राचं तयार चित्र लावू.”

कौमुदीला रडू आलं. तिचा यंत्रमानव खडू जवळच उभा होता. हा खडू चित्रकलेत मदत करायचा, म्हणजे मुख्यतः चुका काढायचा.

“कौमुदीताई, मी चित्र तपासलं,” तो म्हणाला. “झाडाची पानं बरोबर. भिंतीची उंची बरोबर. सावलीचा रंग काळा, प्रकाश शून्य. बाहेर मोजला होता तसाच आहे. चूक सापडली नाही.”

“चूक नाही, तर मग आजोबा पळाले का?”

“आजोबांचं मोजमाप माझ्याकडे नाही,” खडू म्हणाला.

मग कौमुदी खडूला घेऊन सरळ आरशांच्या खोलीत गेली आणि दार अडवून उभी राहिली. “आजोबा, खरं सांगा. काय बिघडलंय?”

आजोबांनी फडकं खाली ठेवलं. “पाटी दे बघू. ही माझी आई ना? हिला उन्हात का बसवलंस?”

“मग कुठे बसवू?”

“आणि हा रांजण! अवं पोरी, मे महिन्यात रांजण उन्हात ठेवते काय कोणी?” आजोबा एरवी पुस्तकासारखं बोलायचे, पण मन हललं की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी यायची. “झाडाखाली मोकळी जागा आहे, तिथे का नाही ठेवलास?”

“आजोबा!” कौमुदी जवळजवळ ओरडलीच. “तिथे सावली आहे! पाणी गोठेल ना! आणि पणजीसुद्धा!”

 आजोबा असे हसायला लागले, की डोळ्यांतून पाणी आलं. कौमुदीला भयंकर राग आला. पण तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? चंद्रावर हवा नाही. त्यामुळे उन्हातली ऊब वाऱ्याबरोबर सावलीत जाऊ शकत नाही. ऊन आहे तिथे ऊब आणि वीज, आणि एक पाऊल बाजूला सावलीत बर्फाहून कितीतरी जास्त गारठा. शिवाय सावली इतकी काळी, की तिच्यात खड्डा असला तरी दिसत नाही. वस्तीतलं पोर पहिल्यांदा अंतराळवेश घालून बाहेर पडतं, तेव्हा त्याला एकच नियम घोकायला लावतात, ‘सावलीत पाय नाही.’ कौमुदीही तो घोकतच मोठी झाली होती. म्हणून तिने झाड काढलं, त्याची काळीकुट्ट लांब सावली काढली आणि मायेने सगळ्यांना त्या सावलीपासून दूर, उन्हात नेऊन बसवलं.

“माझंच चुकलं,” आजोबा डोळे पुसत म्हणाले. “इतक्या गोष्टी सांगितल्या, पण आम्ही सावलीत बसायचो हे सांगायचं सुचलंच नाही. पृथ्वीवरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात ऊन असं भाजून काढतं, की माणसं, कोंबड्या, शेळ्या, सगळे झाडाखाली. सावली म्हणजे सुख, पोरी.”

“पण पृथ्वीवरच्या सावल्या मी चित्रपटांत पाहिल्या आहेत,” कौमुदी म्हणाली. “तरी मी काळी कशी काढली?”

“डोळ्याने पाहिली असशील. पण हात सवयीने चालतो. त्याला पटवून द्यावं लागतं. खडू, दिवे बंद कर. आणि कौमू, बेबीकाकूंकडून चमचाभर दुधाची भुकटी घेऊन ये.”

बेबीकाकू जेवणघर सांभाळायच्या. मूळच्या जालन्याच्या. “आगं बाई, दूध काय खेळायला असतं का?” असं करवादत त्यांनी भुकटी दिली आणि काय चाललंय ते बघायला स्वतःही मागून आल्या.

अंधाऱ्या खोलीत आजोबांनी टेबलावर एक पांढरा पेला उपडा ठेवला आणि बाजूने विजेरीचा झोत टाकला. पेल्याची एक बाजू लख्ख उजळली, दुसरी अंधारात बुडाली. मागे काळी सावली पडली.

“हा चंद्र,” आजोबा म्हणाले. “दिवा एकच, सूर्य. जिथे तो पोचत नाही तिथे जवळजवळ काहीच नाही. आता खडू, तुझं तांबडं फडकं पेल्याच्या अंधाऱ्या बाजूशेजारी, झोतात येईल असं धर.”

खडूने फडकं धरलं आणि काय आश्चर्य! पेल्याची काळी बाजू हळूच तांबूस झाली.

“फडक्याचा रंग पेल्यावर आला!” कौमुदी म्हणाली.

“प्रकाश फडक्यावर आपटून परत फिरला आणि येताना रंग घेऊन आला. याला परावर्तन म्हणायचं. म्हणजे उन्हात पडलेली प्रत्येक वस्तू हा एक छोटा दिवाच असतो. अंगण दिवा, भिंत दिवा. पृथ्वीवर आणखी एक दिवा असतो, सगळ्यात मोठा. तो चंद्रावर नाहीच.”

त्यांनी काचेच्या बरणीत पाणी घेतलं, त्यात दुधाची चिमूटभर भुकटी ढवळली आणि बरणीतून झोत आरपार सोडला. पलीकडून पाहिलं तर विजेरी पिवळी-नारिंगी दिसत होती. बाजूने पाहिलं तर सगळं पाणी अंधुक निळसर चमकत होतं.

“पाण्यात निळा रंग टाकला का?” बेबीकाकूंनी विचारलं.

“नाही काकू. दुधाचे बारीक कण प्रकाशाला धक्के देऊन इकडेतिकडे विखुरतात. हे विकिरण. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, पण असे बारीक कण निळ्याला जास्त विखुरतात. पृथ्वीवर हेच काम हवेचे कण करतात. म्हणून तिथलं आकाश निळं दिसतं. आता सांग कौमू, झाडाखाली सूर्य पोचला नाही, तर तिथे काय पोचतं?”

कौमुदी बरणीकडे बघत राहिली. चंद्राचं आकाश काळं. पृथ्वीचं आकाश या बरणीसारखं, सगळीकडून निळसर उजळलेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला दिवा.

“आकाश पोचतं!” ती एकदम म्हणाली. “चारी बाजूंनी! म्हणून सावली काळी नसते. सावलीतही उजेड असतो, फक्त तो आकाशाचा असतो. म्हणजे... सावली निळी असते?”

आजोबांनी टाळी वाजवली. बेबीकाकू म्हणाल्या, “आगं हां की! चुन्याच्या भिंतीवर निळसरच दिसते. मला वाटायचं चुन्यात घातलेल्या निळीमुळं!”

कौमुदी पाटी घेऊन बसली. समजणं वेगळं आणि हाताला जमणं वेगळं, हे तिला पुढच्या तासाभरात कळलं. काळी सावली पुसून तिने खडूच्या सल्ल्याने करडी केली, तर अंगण आजारी दिसायला लागलं. निळी फासली, तर झाडाखाली रंगाचा डबा सांडल्यासारखं झालं आणि खालचं सारवण दिसेनासं झालं.

“रंग वर थापू नकोस,” आजोबा म्हणाले. “सावली ही वस्तू नाही. वस्तूवर कमी पडलेला प्रकाश आहे. वेगळा थर घे (थर म्हणजे चित्रावर ठेवलेली पारदर्शक काच समज) आणि त्याला गुणाकाराची पद्धत लाव.”

“चित्रात गुणाकार?”

“पाटीला रंग म्हणजे आकडेच. पूर्ण प्रकाश एक, अंधार शून्य. सावलीचा थर अर्धा असेल तर खालचा प्रत्येक रंग अर्ध्याने गुणला जातो. भिंतीच्या पायाशी तू काढलेला तांबडा गेरू अर्धा उजळ होतो, पण तांबडाच राहतो. आणि तू काळा लावला होतास, म्हणजे काय?”

“शून्य!” कौमुदीने कपाळाला हात लावला. “शून्याने कशालाही गुणलं तरी शून्यच. म्हणून खालचं सगळं मेलं!”

आता तिने नवा थर घेतला. तांबडा अर्ध्याहून कमी, हिरवा अर्धा, निळा अर्ध्याहून थोडा जास्त. सावली पसरली आणि तिच्या आतून सारवणाचे हातांचे फराटे दिसू लागले. भिंतीच्या खालचा गेरूचा पट्टा जांभळट झाला, पण गेरूच राहिला. सूर्य तिने क्षितिजावरून उचलून डोक्यावर नेला. लांब सावली आखडून झाडाच्या बुडाशी गोळा झाली. मग परावर्तन. उन्हातल्या अंगणाचा उबदार उजेड वळचणीच्या खालच्या बाजूला लावला, पणजीच्या हनुवटीला लावला. पानांतून गाळून आलेला थोडा पोपटी फांद्यांना लावला. रांजण झाडाखाली आला. पणजीही आली, आणि तिच्याबरोबर दोन कोंबड्याही आल्या.

“कवडसे राहिले,” आजोबा म्हणाले. “पानांच्या फटींतून ऊन खाली पडतं ते.”

कौमुदीने फटींच्या आकाराचे वेडेवाकडे तुकडे काढले. आजोबांनी नाही म्हणून मान हलवली. आता तुझं तू बघ, असा चेहरा करून बसून राहिले. काही माणसांना अशी खोड असते.

कौमुदी खिडकीशी गेली. बाहेर संदेश-मनोऱ्याची लांबलचक सावली पडली होती. लहानपणापासून ती सावली तिने रोज पाहिली होती. आज मात्र तिने ती पहिल्यांदा नीट पाहिली. मनोऱ्याच्या पायाशी सावलीची कड सुरीने कापल्यासारखी होती. पण दूर, टोकाशी? तिथे कड धूसर होती.

“इथे तर हवा नाही,” ती स्वतःशीच पुटपुटली. “मग कड पुसट कशी?” तिने सूर्याकडे, म्हणजे काळ्या काचेतून, पाहिलं. “सूर्य ठिपका नाही. तो थाळी आहे! मनोऱ्यामागे थाळी पूर्ण लपली तर पूर्ण सावली. अर्धी लपली तर अर्धवट सावली. लांब गेलं की हा अर्धवट पट्टा रुंद होत जातो!”

“प्रच्छाया आणि उपच्छाया,” आजोबा म्हणाले. “गडद सावली आणि तिच्या कडेची फिकी सावली. हे मी नाही हं शिकवलं तुला.”

“थांबा, थांबा! म्हणजे पानांतली फट अगदी लहान असेल, तर थाळीच्या प्रत्येक भागाचा उजेड त्या फटीतून थोडा थोडा सरकून पडणार, आणि खाली आकार फटीचा नाही, थाळीचा उमटणार. कवडसा गोल असणार! प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र!”

खडूने फट, उंची आणि सूर्य यांचं गणित केलं. “बरोबर,” तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, “मी तपासलेल्या चित्रात चूक होती. मला दिसली नाही. मी चंद्राचं मोजमाप पृथ्वीला लावलं.”

“मी पण,” कौमुदी म्हणाली आणि तिने त्याच्या पत्र्याच्या खांद्यावर थाप मारली.

वाढदिवसाच्या दिवशी जेवणघर खचाखच भरलं होतं. डिमेलोबाईंनी कौमुदीला पुढे बोलावलं. आजोबा मागे दाराशीच उभे राहिले. चित्र त्यांनी पाटीवर पाहिलं होतं, पण शेवटचा हात फिरवताना कौमुदीने त्यांना खोलीबाहेर काढलं होतं. तिने भिंत सुरू करायला सांगितली आणि वर एक विनंती केली, “छताचे दिवे जरा मंद करा ना, बाई.”

भिंतीवर विदर्भातली मे महिन्यातली दुपार उगवली.

 चित्राची उजवी बाजू उन्हाने इतकी लखलखत होती, की पुढच्या रांगेतल्यांनी डोळे किलकिले केले. डाव्या बाजूला, अगदी पुढे, कडुनिंब होता. त्याची सावली चित्राच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे थेट जेवणघराच्या फरशीपर्यंत, आली होती. आणि इथेच कौमुदीने शेवटचा हात फिरवला होता. पडदाभिंत म्हणजे शेवटी एक प्रचंड दिवाच. चित्रातल्या उन्हाच्या भागातून पुष्कळ प्रकाश बाहेर पडत होता आणि सावलीच्या भागातून थोडासाच, निळसर. मंद दिव्यांत तो फरक फरशीवर उतरला. उजवीकडची फरशी पिवळी उजळली, डावीकडची शांत निळसर झाली.

कौमुदी सगळ्यांचे चेहरे न्याहाळू लागली. आवडलं का कोणाला?

तेवढ्यात बेबीकाकूंनी आपली खुर्ची उचलली. उजव्या बाजूने उठल्या, सरळ डावीकडे आल्या आणि झाडापुढे ती ठेवून बसल्या. पदराने वारा घेत म्हणाल्या, “हुश्श! काय ऊन आहे बाई तिकडं!”

जेवणघराचं तापमान सगळीकडे सारखं होतं, यात शंका नको. खडूने नंतर मोजूनही पाहिलं. पण त्या क्षणी सगळ्या खुर्च्या हलायला लागल्या. ताटं हातात धरून माणसं सरकत होती, एकमेकांना ‘जरा सरका की’ म्हणत होती. कोणी चप्पल काढली, कोणी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवरच बसलं. बघता बघता अख्खी वस्ती डावीकडे झाडाखाली दाटीवाटीने जमली आणि उजवी बाजू मोकळी पडली. पृथ्वी सोडून आलेल्या त्या सगळ्या माणसांना कोणी काही सांगायची गरज लागली नाही. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बेबीकाकूंच्या वाट्या खणखणल्या. कौमुदी जिंकली होती!

डिमेलोबाई गर्दीतून वाट काढत आल्या. “कौमुदी, पुढच्या वर्षी बागेचा नवा घुमट बांधतोय. खरी झाडं लावणार आहोत. तिथले दिवे कसे लावायचे ते तू आणि आजोबांनी सांगायचं.”

“सूर्यासाठी एक झगझगीत थाळी,” कौमुदी म्हणाली, “आणि बाकी अख्खा घुमट मंद निळा. नाहीतर झाडाखाली कोणी बसणार नाही.”

“आणि झाड कोणतं?”

“हे काय विचारणं झालं?” कौमुदीने भिंतीकडे बोट दाखवलं.

आजोबा तेवढ्यात दाराकडून हळूहळू पुढे आले. लोकांनी त्यांना वाट करून दिली. रांजणाजवळ, आईच्या अगदी समोर, ते फरशीवर मांडी घालून बसले. बराच वेळ त्या कैऱ्या फोडणाऱ्या हातांकडे बघत राहिले. हनुवटीवरचा तो उबदार उजेड त्यांनी पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. या वेळी ते लपवायला ते कुठेही उठून गेले नाहीत.

“कौमू,” त्यांनी हाक मारली आणि शेजारच्या फरशीवर हात थोपटला. “तिथे काय उभी राहिलीस? ये न वं, सावलीत बस जरा.”

कौमुदी उन्हाच्या कडेला उभी होती. तिच्या पायापुढे निळसर कड होती, तिनेच काढलेली, जवळ रेखीव आणि लांब गेल्यावर पुसट. जन्मभर घोकलेला नियम तिला आठवला. ती हसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने मुद्दाम सावलीत पाय टाकला.